शेड्यूल : एका चिठोऱ्याची गोष्ट

(शब्दांच्या इतिहासावरील व्याख्यानमालेतील एका व्याख्यानाचे हे शब्दांकन. बोलण्याचा बाज शक्यतो तसाच ठेवला आहे.)

आजचा शब्द तुम्ही इथे येण्याआधी किमान एकदा तरी वापरला असणार. कुणी घरी फोन करून सांगितलं असेल, "आज शेड्यूल जरा टाइट आहे, जेवायला थांबू नका." मुलांच्या परीक्षेचं शेड्यूल लागतं, नाटकाच्या तालमीचं शेड्यूल ठरतं, सिनेमाचं पहिलं शेड्यूल संपतं आणि दुसरं सुरू होतं. इतका घरचा झालाय हा शब्द की तो इंग्रजी आहे हेही आपण विसरतो. आपण समजतो, शेड्यूल म्हणजे वेळेची आखणी. कधी काय करायचं याची योजना.

बरं. आता घरी गेल्यावर औषधांचा डबा उघडा. गोळ्यांची एखादी पट्टी घ्या, तिच्यावर बारीक अक्षरात 'शेड्यूल एच' असं छापलेलं सापडेल. डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय हे औषध विकायचं नाही, असा त्याचा अर्थ. तिथे वेळेचा संबंध काय? सकाळी एक, रात्री एक, असं काही ते सांगत नाही. बाजारपेठेतून चाललात तर एखाद्या सहकारी बँकेच्या पाटीवर नावाखाली कंसात 'शेड्यूल्ड बँक' असं मोठ्या अभिमानानं लिहिलेलं दिसेल. म्हणजे ही बँक वेळेवर उघडते असं नव्हे. (हशा) आणि तहसील कचेरीत गेलात तर जातीच्या दाखल्यावर 'अनुसूचित जाती' असे शब्द असतात. मूळ इंग्रजी शब्द तोच, शेड्यूल्ड.

कामाचं वेळापत्रक, गोळ्यांची पट्टी, बँकेची पाटी आणि जातीचा दाखला. या चार ठिकाणी एकच शब्द कसा काय पोचला, हे आज आपल्याला बघायचं आहे. हा प्रश्न मला नुसता गमतीचा वाटत नाही. या चारांपैकी शेवटच्या ठिकाणी या शब्दानं माणसांची आयुष्यं घडवली आहेत, आणि काही वेळा अडवलीही आहेत.

सुरुवात करू या ग्रीक भाषेपासून. ग्रीकमध्ये 'स्खिझेइन' असं एक क्रियापद आहे. अर्थ, चिरणं, फाडणं, दुभंगणं. त्यावरून लाकडाच्या ढलपीला, चिरफळीला एक शब्द झाला. तो लॅटिनमध्ये गेला 'स्केडा' म्हणून. रोमन लोक लिहायला पपायरस वापरायचे. नाईलच्या काठी वाढणारी ही लव्हाळ्यासारखी वनस्पती. तिच्या देठातला गर लांब पातळ पट्ट्यांमध्ये कापायचा, पट्ट्या शेजारी शेजारी मांडायच्या, त्यांच्यावर आडव्या पट्ट्यांचा दुसरा थर द्यायचा, दाबायचं, वाळवायचं. थोरल्या प्लिनीनं आपल्या निसर्गविषयक महाग्रंथाच्या तेराव्या भागात ही सगळी कृती लिहून ठेवली आहे. यातली जी पट्टी, ती 'स्केडा'. पुढे लिहिण्याच्या पानालाही तोच शब्द लागला. आणि लहानशी स्केडा म्हणजे 'स्केडुला'. आपल्याकडे चिठ्ठीचा चिठोरा होतो ना, तसं. तर शेड्यूल या शब्दाचा मूळ अर्थ 'चिठोरा'. त्यात वेळ नाही, योजना नाही, क्रम नाही. कापलेला एक तुकडा, एवढंच.

आता इथे जरा थांबू. ते ग्रीक 'स्खिझेइन' आपल्याला परकं नाही. भाषाशास्त्रज्ञ ज्या आदिम इंडो-युरोपीय धातूपासून ते आलं असं मानतात, त्याच धातूपासून संस्कृतातला 'छिद्' आला आहे. छिद् म्हणजे कापणं. त्यावरून छेद, छिद्र, छिन्न, विच्छेद. आपण निबंधात 'परिच्छेद' पाडतो, तोही त्यातलाच. गंमत बघा, स्किझोफ्रेनिया या आजाराला मराठीत 'छिन्नमनस्कता' म्हणतात. ज्यानं कुणी हा प्रतिशब्द घडवला त्यानं फक्त अर्थाचं भाषांतर केलं असेल, पण 'स्किझो' आणि 'छिन्न' हे हजारो वर्षांपूर्वी ताटातूट झालेले भाऊच आहेत. म्हणजे शेड्यूल आणि परिच्छेद हे लांबचे का होईना, पण नातेवाईक.

लॅटिनमधून हा चिठोरा जुन्या फ्रेंचमध्ये गेला आणि तिथून चौदाव्या शतकाच्या अखेरीस इंग्रजीत आला. तेव्हा त्याचा उच्चार 'सेड्यूल' असा साधा होता आणि स्पेलिंगही 'स'नंच सुरू व्हायचं. पुढे सोळाव्या शतकाच्या सुमारास विद्वानांना वाटलं, शब्दाचं मूळ कुळ दिसायला हवं. म्हणून त्यांनी लॅटिनच्या वळणावर स्पेलिंगमध्ये जादा अक्षरं घुसवली. अक्षरं आली, मग ती उच्चारायची कशी यावर पंथ पडले. ब्रिटनमध्ये 'शेड्यूल' रुळलं. अमेरिकेत कोशकार नोआ वेब्स्टर यांनी ग्रीक मुळाकडे बोट दाखवून 'स्क'चा पुरस्कार केला, आणि तिकडे 'स्केज्यूल' झालं. आपल्या घरात आजोबा 'शेड्यूल' म्हणतात आणि आयटीतली नात 'स्केज्यूल' म्हणते, त्यामागे हे भांडण आहे. कुणीच चुकत नाही. सर्वांत जुना उच्चार मात्र दोघांचाही नव्हे.

चिठोरा हा अर्थ किती काळ जिवंत होता ते पाहायचं तर शेक्सपिअरकडे जाऊ. 'ज्युलियस सीझर' नाटक १५९९च्या आसपासचं. सीझर संसदेकडे निघालाय. वाटेत आर्टेमिडोरस नावाचा एक हितचिंतक त्याच्या हातात एक कागद द्यायला धडपडतो. त्या कागदावर कटवाल्यांची नावं आहेत. नाटकात या कागदासाठी जो शब्द येतो तो 'शेड्यूल'. आर्टेमिडोरस विनवतो की हे तुमच्या जिवाशी निगडित आहे, आधी वाचा. सीझर ऐटीत सांगतो की आमच्या स्वतःबद्दल जे असेल ते आम्ही सर्वांत शेवटी बघू. कागद तसाच राहतो आणि पुढे काय झालं ते आपल्याला ठाऊक आहे. एक नावांची यादी असलेला चिठोरा, न वाचल्यामुळे जीव गेला. हे दृश्य ध्यानात ठेवा, मी शेवटी त्याच्याकडे येणार आहे.

दोनेक वर्षांनी लिहिलेल्या 'ट्वेल्फ्थ नाइट' नाटकात ऑलिव्हिया चेष्टेनं म्हणते की मी माझ्या सौंदर्याची शेड्यूलं काढून देते, ओठ किती, डोळे किती, सगळं टिपून. इथे अर्थ थोडा सरकलाय. चिठोरा आता यादी झालाय, मालमत्तेच्या तपशिलासारखी. हे कसं झालं? वकिली कागदांमुळे. मृत्युपत्र केलं, पण दागिने, भांडी, जमिनीचे तुकडे हे सगळं मुख्य मजकुरात लिहीत बसलं तर मजकूर लांबतो. म्हणून तपशील वेगळ्या तुकड्यावर लिहायचा आणि तो मूळ दस्ताला जोडायचा. आपल्याकडे खरेदीखतात शेवटी मिळकतीचं वर्णन येतं, चतुःसीमा येतात, त्याला इंग्रजी खतात आजही 'शेड्यूल ऑफ प्रॉपर्टी' म्हणतात.

पार्लमेंटनं हीच युक्ती उचलली. कायद्याच्या कलमांत तत्त्व सांगायचं, आणि ते नेमकं कुणाला, कशाला, किती लागू, हे मागे जोडलेल्या शेड्यूलमध्ये सांगायचं. याचं एक प्रसिद्ध उदाहरण म्हणजे १८०३चा ब्रिटिश आयकर. हेन्री ॲडिंग्टन तेव्हा पंतप्रधान होते, नेपोलियनशी युद्ध पुन्हा पेटलं होतं आणि पैसा हवा होता. पण 'तुमचं एकूण उत्पन्न सांगा' म्हटलं की लोक चिडत. मग उत्पन्नाचे पाच तुकडे पाडले. शेड्यूल 'ए'मध्ये जमीन आणि घरं, 'बी'मध्ये शेती, 'सी'मध्ये सरकारी रोख्यांचं व्याज, 'डी'मध्ये व्यापार आणि व्यवसाय, 'ई'मध्ये पगार आणि पेन्शन. कुठल्याही एका अधिकाऱ्याला माणसाचं सगळं उत्पन्न एकत्र दिसू नये, अशी ती सोय होती. आपल्याकडे १८६०मध्ये जेम्स विल्सन यांनी पहिला आयकर आणला, त्यातही उत्पन्नाची अशीच चार शेड्यूलं होती.

इथे एक गोष्ट लक्षात घ्या. कायद्यावर वाद होतो तो कलमांवर. भाषणं होतात, वृत्तपत्रं लिहितात. शेड्यूल मागे असतं, बारीक अक्षरात, तक्त्यांच्या रूपात. पण 'हे मला लागू आहे का' याचं उत्तर बहुधा तिथेच असतं.

मग वेळ कुठून आली? आली रेल्वेतून, आणि तीही अमेरिकेतून. ब्रिटनमध्ये जॉर्ज ब्रॅडशॉ यांनी १८३९मध्ये रेल्वेच्या वेळांचं पुस्तक छापलं. तिकडे त्यासाठी 'टाइमटेबल' हा शब्द रूढ झाला. अमेरिकेत मात्र गाड्यांच्या वेळांच्या यादीला १८६०च्या दशकापर्यंत 'शेड्यूल' म्हणू लागले. तीही मुळात यादीच होती, स्टेशनांची आणि तासमिनिटांची. पण ही यादी नुसती प्रवाशांच्या सोयीची नव्हती. अमेरिकेतले बहुतेक मार्ग एकेरी रुळाचे होते. समोरून येणारी गाडी बाजूला कुठे उभी राहणार, हे यादीवरून आणि गार्डच्या घड्याळावरून ठरायचं. १८५३च्या ऑगस्टमध्ये ऱ्होड आयलंड राज्यात व्हॅली फॉल्सजवळ दोन गाड्या समोरासमोर धडकल्या. एका गाडीच्या कंडक्टरचं घड्याळ मागे होतं. यादी बरोबर होती, घड्याळ चुकलं आणि माणसं गेली. वेळापत्रक पाळणं ही शिस्तीची बाब आपण मानतो. तिथे ती जिवाची बाब होती.

त्याच वर्षी, चार महिने आधी, १६ एप्रिल १८५३ला दुपारी साडेतीनच्या सुमारास बोरीबंदरहून ठाण्याला गाडी सुटली आणि वेळेची यादी आपल्याकडेही आली. पुढे रेल्वेची वेळ वेगळी आणि गावाची वेळ वेगळी असा घोळ झाला. १ जानेवारी १९०६पासून भारतीय प्रमाणवेळ लागू झाली, पण मुंबईत लोकांनी जुनी 'बॉम्बे टाइम' सोडली नाही. ती प्रमाणवेळेच्या ३९ मिनिटं मागे. शहरातली काही घड्याळं १९५५पर्यंत त्या वेळेवर चालली. सरकारनं वेळ ठरवली म्हणजे ती लोकांची झाली, असं होत नाही.

हळूहळू अमेरिकन कारखान्यांत, कचेऱ्यांत, मग माणसांच्या खाजगी दिवसांत शेड्यूल शिरलं. त्याचं क्रियापद झालं. आज आपण भेट 'शेड्यूल करतो'. मराठीनं या अर्थासाठी 'वेळापत्रक' हा शब्द घेतला आणि तो छान आहे. 'पत्रक' म्हणजे पुन्हा कागदच. एसटीच्या आगारात गाडीच्या ठरलेल्या फेऱ्यांना 'नियत' म्हणतात. 'आज चार नियतं रद्द' असं ऐकलं असेल तुम्ही. बांधकाम खात्याच्या दरांच्या यादीला 'दरसूची' म्हणतात. आणि कायद्याच्या शेड्यूलला म्हणतात 'अनुसूची'. अनु म्हणजे मागून, सूची म्हणजे यादी. मागून जोडलेली यादी. इंग्रजी बोलणारे जो मूळ अर्थ विसरून गेले, तो आपल्या या रुक्ष सरकारी शब्दानं जपला आहे. शिवाय संस्कृतात 'सूची' म्हणजे सुईसुद्धा. आपली 'सुई' त्यातूनच आली.

आता मुख्य गोष्टीकडे येतो.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अस्पृश्य मानल्या गेलेल्या समाजांसाठी इंग्रजीत 'डिप्रेस्ड क्लासेस' असं म्हणत. विठ्ठल रामजी शिंदे यांनी १९०६मध्ये मुंबईत सुरू केलेल्या मिशनच्या इंग्रजी नावात हाच शब्द होता. १९३२च्या पुणे करारातही हाच. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना हे नाव मान्य नव्हतं. दुसऱ्या गोलमेज परिषदेच्या वेळी, १९३१मध्ये, त्यांनी आणि रावबहादूर श्रीनिवासन यांनी दिलेल्या पुरवणी निवेदनात नाव बदलण्याची मागणी आहे. या नावामुळे बाहेरच्या माणसाला वाटतं की हे लोक खालच्या पातळीचे, असहाय आहेत, अशी त्यांची तक्रार होती.

मग आला १९३५चा भारत सरकार कायदा. राखीव जागा द्यायच्या तर कुणाला, ते ठरवणं भाग होतं. कायद्याच्या पहिल्या शेड्यूलमध्ये एक व्याख्या घातली गेली. पूर्वी 'डिप्रेस्ड क्लासेस' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या वर्गांशी मिळत्याजुळत्या अशा ज्या जाती राजे आदेशानं नमूद करतील, त्या 'शेड्यूल्ड कास्ट्स'. पुढच्या वर्षी, १९३६मध्ये, आदेश निघाला आणि त्याच्या शेड्यूलमध्ये प्रांतवार जातींची नावं आली.

हे नाव काय सांगतं? काहीच नाही! 'यादीतल्या जाती'. त्यात दया नाही, हिणवणं नाही, गौरव नाही. एखाद्या कारकुनानं ठेवावं तसं कोरडं नाव. पण मला वाटतं, तो कोरडेपणाच त्या वेळी कामाचा ठरला. ज्या माणसांना शतकानुशतकं प्रत्येक नावातून काहीतरी डंख बसत होता, त्यांना डंख नसलेलं एक नाव मिळालं. आणि त्यांनी ते उचललं. जुलै १९४२मध्ये नागपूरच्या परिषदेत बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली 'शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशन' स्थापन झालं. कायद्याच्या मागच्या पानावरचा शब्द निळ्या झेंड्याखाली पुढच्या रांगेत आला. त्यांच्या महापरिनिर्वाणानंतर, १९५७मध्ये, त्याची जागा रिपब्लिकन पक्षानं घेतली, तेव्हा तो शब्द पक्षाच्या नावातून गेला. कायद्यात मात्र राहिला.

आता मी एक प्रश्न विचारतो. आपल्या संविधानाला आज बारा अनुसूची आहेत. आठवीत भाषा आहेत. सुरुवातीला चौदा होत्या, मराठी त्यात पहिल्यापासून, कोकणी १९९२मध्ये आली, आज बावीस आहेत. दहावीत पक्षांतरबंदी आहे, ती महाराष्ट्राला समजावून सांगायची गरज नाही. (हशा) तर अनुसूचित जातींची यादी कितव्या अनुसूचीत आहे?

(सभागृहातून : "पाचव्या!")

पाचवीत अनुसूचित क्षेत्रांच्या कारभाराची व्यवस्था आहे. जातींची यादी नाही. उत्तर असं की ती बारापैकी एकाही अनुसूचीत नाही. (सभागृहात कुजबुज) १७ सप्टेंबर १९४९ रोजी संविधान सभेत बाबासाहेबांनी यासंबंधीची कलमं मांडली, आज ती ३४१ आणि ३४२ आहेत. त्यांनी कारण दिलं की लांबलचक याद्यांचं ओझं संविधानावर नको. राष्ट्रपती अधिसूचना काढतील, आणि एकदा काढल्यावर तिच्यात नाव घालायचं किंवा वगळायचं तर ते फक्त संसदेनं कायदा करून. हेतू हा की राजकारणाच्या सोयीनं यादीत ढवळाढवळ होऊ नये. त्याप्रमाणे १० ऑगस्ट १९५०ला राष्ट्रपतींचा आदेश निघाला. जातींची नावं त्या आदेशाच्या शेड्यूलमध्ये आहेत.

म्हणजे यादी मुद्दाम घट्ट बंद केली. त्याचा फायदा झाला तसा त्रासही झाला. दोन उदाहरणं देतो, दोन्ही महाराष्ट्रातली.

पहिलं, १९५०च्या आदेशात शेड्यूलच्या आधी एक छोटा परिच्छेद होता. हिंदू धर्माहून वेगळा धर्म मानणारी व्यक्ती अनुसूचित जातीची मानली जाणार नाही, असा. १९५६मध्ये त्यात शीख धर्माची भर पडली. त्याच वर्षी १४ ऑक्टोबरला नागपुरात लाखो लोकांनी बौद्ध धम्म स्वीकारला. वस्ती तीच, विहीर तीच, गावातली वागणूक तीच, पण केंद्राच्या यादीतून ते बाहेर पडले. महाराष्ट्र राज्यानं आपल्या पातळीवर सवलती दिल्या. केंद्रात मात्र 'किंवा बौद्ध' हे दोन शब्द त्या परिच्छेदात यायला १९९० साल उजाडलं. चौतीस वर्षं. दीक्षेच्या दिवशी जन्मलेलं मूल तोवर चौतिशीत पोचलं होतं. शिक्षण, नोकरी, भरतीचं वय, सगळं त्या दोन शब्दांची वाट बघत निघून गेलं. दाखल्यावर काय लिहायचं, हा प्रश्न ज्या घरांत रात्री रात्री चर्चिला गेला, ती घरं इथे बसलेल्यांपैकी काहींची असतील.

दुसरं उदाहरण विदर्भातलं. अनुसूचित जमातींच्या यादीत 'हलबा' आहे. विणकाम करणाऱ्या 'हलबा कोष्टी' समाजाचं म्हणणं होतं की आम्ही हलबाच. या आधारावर अनेकांना दाखले मिळाले, प्रवेश मिळाले. एका विद्यार्थ्याचं वैद्यकीय प्रवेशाचं प्रकरण सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठापर्यंत गेलं. २०००च्या नोव्हेंबरमध्ये निकाल लागला की यादी जशी लिहिली आहे तशीच वाचायची. पुरावे घेऊन, चौकशी करून, अमुक जात तमुक नावात येते असं न्यायालयालाही म्हणता येणार नाही. ते काम संसदेचं. त्या विद्यार्थ्याचं शिक्षण तोवर पूर्ण झालं होतं, म्हणून त्याची पदवी न्यायालयानं कायम ठेवली, पण पुढे त्या प्रवर्गाचा लाभ नाही. 'ओरांव, धनगड' या नोंदीतला धनगड म्हणजेच धनगर, ही मागणी तुम्हाला माहीत आहे. एका अक्षराचा प्रश्न. उच्च न्यायालयानं २०२४मध्ये ती मान्य केली नाही. हे वाद सोडवायला मी आलेलो नाही, माझा तो अधिकारही नाही. खऱ्या आदिवासींचा वाटा जाऊ नये ही भीती खरी आहे, आणि वर्षानुवर्षं दारात उभं राहिलेल्यांची व्यथाही खरी आहे. मी फक्त दाखवतोय की चिठोऱ्यावरच्या एका अक्षराचं वजन किती असतं.

आणि यादीत असणं नेहमी भाग्याचंच, असंही समजू नका. १८७१मध्ये ब्रिटिशांनी गुन्हेगार जमातींचा कायदा केला. तिथे शब्द 'शेड्यूल' नव्हता, 'नोटिफाइड' होता, पण रीत तीच. राजपत्रात नाव आलं की सबंध जमात जन्मतः गुन्हेगार. हजेरी, तारेच्या कुंपणाची वसाहत. ३१ ऑगस्ट १९५२ला ते संपलं, त्या लोकांना आपण 'विमुक्त' म्हणतो. म्हणजे 'यादीतून सुटलेले'. एका यादीनं बेड्या घातल्या, दुसऱ्या यादीनं शाळेचं दार उघडलं. दक्षिण अमेरिकेत कोलंबियात नागरिकाच्या ओळखपत्राला 'सेदुला' म्हणतात. तोच आपला चिठोरा. तो खिशात नसेल तर तुम्ही कोण, हे सिद्ध करता येत नाही.

तर मंडळी, सुरुवातीचं कोडं सुटलं असेल. गोळ्यांच्या पट्टीवरचं 'एच' म्हणजे १९४५च्या औषध नियमांना जोडलेल्या यादीचं नाव. पाटीवरची बँक म्हणजे रिझर्व्ह बँकेच्या १९३४च्या कायद्याच्या दुसऱ्या शेड्यूलमध्ये नाव असलेली बँक. अनुसूचित जाती म्हणजे आदेशाच्या शेड्यूलमधली नावं. आणि आपला टाइट दिवस म्हणजे तासांची यादी. चारही ठिकाणी कुणीतरी एक सलग गोष्ट घेतली, तिचे तुकडे पाडले, तुकड्यांना नावं दिली आणि ते कागदावर उतरवलं. दिवस सलग असतो, समाजही एकमेकांत मिसळलेला असतो. योजना करायची तर कापावं लागतं, त्याला इलाज नाही. ज्याला मदत पोचवायची त्याचं नाव कुठेतरी लिहावंच लागतं. न लिहिता न्याय करतो म्हणणारा बहुधा काहीच करत नाही.

पण कापलेल्या रेषा देवानं आखल्या असं मात्र मानू नये. त्या कुणीतरी, कुठल्यातरी वर्षी, काही कारणानं आखल्या. १९३६चा आदेश, १९५०चा आदेश, १९९०ची दुरुस्ती, यांना तारखा आहेत. ज्याला तारीख आहे ते बदलता येतं, आणि योग्य मार्गानं बदललंही गेलं आहे.

म्हणून आर्टेमिडोरसच्या कागदाकडे परत येतो. कलमांवर आपण तावातावानं बोलतो, मागची यादी कुणी वाचत नाही. उद्या तुमच्या सोसायटीच्या कराराला, गावाच्या विकास आराखड्याला, एखाद्या सरकारी योजनेला मागे जोडलेला तक्ता असेल. आधी तो वाचा. कुणाचं नाव आहे, कुणाचं राहिलं, नाव ज्या स्पेलिंगनं लिहिलंय ते बरोबर आहे का, हे बघा. आपल्यापैकी ज्यांना वाचता येतं त्यांनी ज्यांना येत नाही त्यांना वाचून दाखवा. सीझरला वेळ नव्हता. त्याचं शेड्यूल टाइट होतं. (हशा)

एक प्रश्न आला आहे, तो घेतो आणि थांबतो. "शेड्यूलऐवजी नेहमी वेळापत्रकच म्हणावं का?" वेळेच्या अर्थी जरूर म्हणा, सुरेख शब्द आहे. पण शेड्यूल तोंडात बसला असेल तर त्याचीही लाज नको. त्याचा आणि आपल्या 'परिच्छेदा'चा धातू एकच आहे हे आज आपण पाहिलंच. लांबून आलेला पाहुणा आहे, नातं निघालं आहे, आता जेवूनच जाऊ दे.